हात कधी सोडायचा?



१५ ऑक्टोबर म्हटलं की आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिनाची गडबड असते. डॉ. कलामांचा फोटो, हार, झाडाला बांधलेल्या दोरीवर लटकवलेली पुस्तकं. त्याच तारखेला पांढरी काठी दिनही असतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात राहतं. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने दोन्ही दिवस एकाच परिपाठात साजरे केले. चौथीतल्या एका मुलीकडून पांढऱ्या काठीवर भाषण पाठ करून घेतलं. भाषण झकास झालं, टाळ्या पडल्या. आणि पहिल्याच रांगेत बसलेली माझ्या दुसरीच्या वर्गातली मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "काठी कशी असते गं?"

त्या मुलीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. आम्ही काठीवर भाषण केलं, पण काठी तिच्या हातात कुणी दिलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही. शाळेत उशिरा दाखल झाल्यामुळे ती वर्गातल्या मुलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, म्हणून सगळी तिला ताई म्हणतात. आपणही तेच म्हणू. आमची शाळा मांजरी बुद्रुकची. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण वाडीतलं बोलणं, वागणं अजून गावाचंच आहे. ताईची आई पहाटे मांजरीच्या बाजारात भाजी निवडायला जाते, वडील टेम्पो चालवतात, घरी आजी असते. आजीचे गुडघे दुखतात, तरी तीच ताईला रोज शाळेत सोडायची.

आता माझी चूक सांगते. ताई माझ्या वर्गात आली तेव्हा मी दोन समजूतदार मुली तिच्या जोडीदार म्हणून नेमल्या. त्यांनी तिचा हात धरायचा, तिला नळावर न्यायचं, स्वच्छतागृहात न्यायचं, डबा उघडून द्यायचा. मला वाटायचं, काय छान समावेशन चाललंय आपल्या वर्गात! अधिकारी भेटीला आले की मी हे कौतुकाने सांगायचे.

डिसेंबरमध्ये एक दिवस दोघी जोडीदारणी एकदमच गैरहजर होत्या. मी मधल्या सुट्टीत ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतले होते. सुट्टी संपून वर्गात आले तर ताई जागेवरच बसलेली, डबा न उघडलेला, आणि तिच्याखालची सतरंजी ओली. मी जवळ गेले तशी ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, मला कुणी नेलंच नाही."

स्वच्छतागृह आमच्या वर्गापासून फार तर तीस पावलांवर आहे. दीड वर्ष ती त्या वाटेने रोज जात होती, आणि तरी ती वाट तिची झाली नव्हती. ती फक्त कुणाच्या तरी हाताला लागून ओढली जात होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डी.एड. करून मला बारा वर्षं झाली. विशेष गरजा असलेल्या मुलांवर आम्हाला एक प्रकरण होतं, ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अंध मुलाला चालायला कसं शिकवतात, हे मला माहीत नव्हतं. मग समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका पुढच्या भेटीला आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, आधी तुमची ओढणी डोळ्यांना बांधा आणि नळापर्यंत जाऊन दाखवा."

मी निघाले आणि चौथ्या पावलाला थांबले. भिंत कुठे, पायरी कुठे, काही कळेना. पण थोडा वेळ उभी राहिल्यावर डावीकडून पहिलीच्या मुलांचे पाढे ऐकू आले, समोरून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला. मी ओढणी सोडली तेव्हा बाई म्हणाल्या, "हे पाच मिनिटांचं आहे, यावरून ताईला कसं वाटत असेल याचा अंदाज बांधू नका. तुम्ही घाबरलात कारण तुम्हाला सवय नाही. तिला अंधाराची भीती नाही. तिला फक्त रीत शिकवलेली नाही."

मित्रांनो, ही रीत म्हणजे काही जादू नाही. शाळेतल्या शाळेत आम्ही जे केलं, ते क्रमाने सांगते.

पहिलं म्हणजे आम्ही हात धरणं बंद केलं. डोळस माणसाने अंध माणसाचा हात धरून ओढायचं नसतं. त्यानेच आपल्या कोपराच्या थोडं वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहून चालायचं. आपण वळलो, पायरी चढलो, थांबलो की ते आपल्या दंडावरून त्याला आपोआप कळतं. अरुंद जागी आपण हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे तो आपल्या मागे येतो. वर्गातल्या सगळ्या मुलांना हे एका तासात आलं. आम्हा मोठ्यांना मात्र बरेच दिवस लागले, कारण मनगट पकडायची सवय जाता जात नव्हती.

दुसरं म्हणजे भिंत. हाताची बोटं किंचित वाकवून त्यांची पाठ भिंतीला टेकवत चालायचं, म्हणजे खिळा, कडी, दाराची फट लागली तरी बोट अडकत नाही. दुसरा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायचा. आमच्या वर्गापासून नळापर्यंत दोन दरवाजे, एक फळ्याची चौकट आणि एक खांब लागतो. ताईने तीन दिवसांत ती वाट पाठ केली. पावलं मोजून नव्हे बरं का! पावलं मोजायला शिकवू नका. मूल घाईत असलं की पाऊल लांब पडतं, थकलं की आखूड, आणि कुणी मध्येच हाक मारली की मोजणी चुकते. दरवाजा मात्र जागचा हलत नाही.

तिसरं म्हणजे नकाशा. परिसर अभ्यासात आपण दिशा आणि नकाशा शिकवतोच. मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून रस्ता केला, पॉलिश पेपरचा तुकडा म्हणजे शाळा, मोठा मणी म्हणजे पिठाची गिरणी, बटण म्हणजे तिचं घर. ताईने त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, म्हणजे गिरणी माझ्या घराच्या इतकी जवळ आहे?" रोज तिथून जाऊनही तिला हे माहीत नव्हतं. डोळस मुलांनीही तो नकाशा डोळे मिटून वाचायचा हट्ट धरला. त्या वर्षी माझ्या वर्गात एकाचीही दिशा चुकली नाही, हा आणखी एक फायदा.

मग काठी आली. ताई तिसरीत गेल्यावर, जूनमध्ये, विशेष शिक्षिकांनी घडीची पांढरी काठी आणली. उभी धरली तर छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचेल एवढी. मुलं वाढतात तशी काठीही बदलावी लागते. काठीचं टोक जमिनीवर डावीकडे-उजवीकडे, खांद्यांच्या रुंदीहून थोडं जास्त फिरवायचं. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं आणि उजवा पाय पडतो तेव्हा डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. ऐकायला सोपं वाटतं, पण हात आणि पाय असे उलटे चालवून बघा! आम्ही मैदानात टाळ्यांच्या ठेक्यावर सराव घेतला.

ही काठी आली कुठून, तेही मुलांना सांगितलं. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. रस्त्यावरच्या वाहनांना आपण दिसावं म्हणून त्याने आपली काठी पांढरी रंगवली. ती लांब धरून दोन्ही बाजूंना फिरवण्याची पद्धत पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी बसवली. म्हणजे पांढरा रंग इतरांना कळावं म्हणून आहे आणि फिरवणं स्वतःला कळावं म्हणून. ताईला हे फार आवडलं. "अर्धी काठी माझी, अर्धी लोकांची," ती म्हणाली.

शाळेच्या फाटकाबाहेर मात्र खरी परीक्षा होती आणि ती आधी घरच्यांची होती. आजी ऐकायलाच तयार नव्हत्या. "बाई, पोरीची जात. त्यात डोळ्यांनी दिसत नाही. रस्त्यावर सोडून देऊ का तिला?" मी त्यांना प्रांजल पाटील यांचं उदाहरण दिलं. उल्हासनगरच्या, लहानपणीच दृष्टी गेलेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, पुढे कॉलेजसाठी उल्हासनगरहून मुंबईपर्यंत लोकलने जायच्या आणि आयएएस अधिकारी झाल्या. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती मोठी माणसं. आमच्या पोरीला डेअरीतनं दुधाची पिशवी आणता आली तरी पुष्कळ. माझ्यामागं कोण आणून देणार तिला?"

मला वाटतं, त्या दिवशी आमचं उद्दिष्ट आजींनीच ठरवलं. अधिकारी होणं पुढचं पुढे. आधी दुधाची पिशवी आणि शाळेची वाट.

ताईच्या घरापासून शाळा चालत सात-आठ मिनिटांवर आहे. वाडीच्या रस्त्याला फुटपाथ नाही, त्यामुळे कडेकडेने चालायचं. आम्ही दोघींनी ती वाट खुणांत वाटून घेतली. खुणा दोन प्रकारच्या असतात. काही कायम जागेवर असतात, जसं गटारावरची लोखंडी जाळी, गतिरोधक, वळणाआधीचा उतार. काही असतात आणि नसतात, जसं गिरणीची घरघर, टपरीवरच्या आल्याच्या चहाचा वास, देवळातली घंटा. मांजरीतून पुणे-दौंड रेल्वे जाते. शाळेकडे जाताना गाडीचा आवाज ताईच्या डाव्या कानाला येतो आणि घरी येताना उजव्या. सकाळी जाताना ऊन समोरून, थोडं उजव्या गालावर पडतं. पावसाळ्यात ऊन नाही, आणि पत्र्यांवर पाऊस पडायला लागला की बाकीचे आवाज बुडून जातात, म्हणून जोराच्या पावसात एकटीने निघायचंच नाही असं ठरलं.

सराव असा होता. आधी ती माझा दंड धरून चालायची. मग मी शेजारी चालायचे. मग दहा पावलं मागे. त्यानंतर मी शाळेच्या फाटकाशी थांबायचं आणि तिने एकटीने यायचं, असं ठरलं. दिवाळीनंतर तो दिवस आला. मी तिला सांगितलं, "मी फाटकात उभी आहे, तू ये."

आणि मी फाटकात उभी राहिले नाही. माझा धीरच झाला नाही. मी चप्पल हातात घेऊन, आवाज न करता तिच्या मागून चालत राहिले. दोन दिवस सगळं नीट झालं. माझी छाती अभिमानाने भरून आली. तिसरा दिवस गुरुवार होता. पुणेकरांना सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेलेली होती आणि गिरणी बंद होती. घरघर ऐकू न आल्यामुळे ताई वळणाच्या पुढे निघून गेली. तो रस्ता पुढे मोठ्या रस्त्याला लागतो. गाड्यांचा आवाज वाढत होता. ती थांबली. मी मागून धावत जाऊन तिचं मनगट घट्ट पकडलं.

ती दचकून किंचाळली. मग माझ्या बांगड्या ओळखून तिने हात सोडवून घेतला. म्हणाली, "तुम्ही मागे होतात? कालपण होतात? परवापण?"

मी गप्प.

"मग मी एकटी कुठे आले?"

शाळेत जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मधल्या सुट्टीत मी तिची माफी मागितली. वर्गातल्या मुलीची माफी मागायची माझी ती पहिलीच वेळ. तिने विचारलं, "बाई, तुम्ही पकडलं तेव्हा मी काय करत होते, माहितीये?" मी म्हटलं, "थांबली होतीस." ती म्हणाली, "उतार आला नाही म्हणून थांबले. मला कळलं होतं चुकलंय. मी मागे फिरणार होते."

मी हे विशेष शिक्षिकांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "चुकल्यावर सावरणं हाच सगळ्यात मोठा धडा असतो मॅडम, आणि तो तिला येत होता. सुरुवातीला मागे राहणं चूक नाही, राहायलाच हवं. पण तिला सांगून राहा." तेव्हापासून आमचा करार झाला. मी मागे असेन तर तिला सांगायचं. नसेन तर खरंच नसायचं. वाट चुकली तर थांबायचं, शेवटची सापडलेली खूण आठवायची, तिथपर्यंत मागे जायचं. तरीही जमलं नाही तर मोठ्याने विचारायचं, "दादा, शाळेचं वळण कुठे आहे?" तिला घरचे दोन मोबाइल नंबर आणि पूर्ण पत्ता पाठ आहे. कुणी न विचारता हात धरला तर "मला तुमचा दंड धरू द्या" म्हणायचं आणि नको असेल तर स्पष्ट "नको" म्हणायचं, याचाही आम्ही नाटक करून सराव घेतला. मुलगी आहे म्हणून हा सराव सगळ्यात जास्त वेळा घेतला.

वाटेवरच्या लोकांशीही बोलले. गिरणीवाले काका, टपरीवाले, डेअरीतल्या वहिनी. विनंती एवढीच केली की तिच्या वाटेत गाडी लावू नका, वाळूचा ढीग टाकलात तर आदल्या दिवशी सांगा, आणि ती जाताना दिसली तर नाव घेऊन हाक मारा, नुसतं बघत राहू नका. काकांनी तर वीज गेल्यावर ताई यायच्या वेळेला डब्यावर चमचा वाजवायची तयारी दाखवली. ताई म्हणाली, "नको काका, आता मला उतार पाठ झालाय."

जानेवारीतल्या एका सकाळी मी खरोखरच फाटकात उभी राहिले. सात-आठ मिनिटांची वाट. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. घंटा झाली, प्रार्थना सुरू झाली. माझे हात गार पडले. आता पळत जावं, असं दहा वेळा मनात आलं. वीस मिनिटांनी काठीची टक-टक ऐकू आली. ताई आली, गालात गोळी.

"उशीर का झाला?"

"बाई, दुकानात गेले होते. काका आत होते, ते येईपर्यंत थांबले. दोन रुपयांच्या गोळ्या घेतल्या. तुम्हाला पण आणलीये."

मी तिला रागावले. शाळेच्या वेळेत दुकानात जायचं नाही, असं सगळ्यांना सांगते तसंच तिलाही सांगितलं. आणि ती हसत होती! तिच्या आयुष्यात उशिरा आल्याबद्दल तिला पहिल्यांदाच कुणी रागावलं होतं. तोपर्यंत उशीर झाला की तो आजीचा असायचा.

पालकहो, आता तुम्हाला थोडं सांगते. घरात अंध किंवा खूप कमी दिसणारं मूल असेल तर सगळं शाळेवर सोडू नका. घरातल्या वस्तू जागच्या हलवू नका, हलवल्या तर मुलाला दाखवा. दारं पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद, अर्धवट दार कपाळावर लागतं. ताटात भाजी कुठे, चटणी कुठे हे घड्याळाच्या काट्यांसारखं सांगा: बाराला वरण, तीनला भाजी. "तिकडे आहे", "तो बघ" असं न म्हणता "तुझ्या उजव्या हाताला, दोन पावलांवर" असं म्हणा. बाजारात नेलंत तर नुसतं नेऊ नका, वाटेवरचे आवाज, वास, चढउतार बोलून दाखवा. आणि काठी हातात आली म्हणून लोक काय म्हणतील, हा विचार सोडून द्या. काठी लपवली तर गाडीवाल्याला कळणार कसं?

शिक्षक मित्रांनो, काठीचं आणि रस्ता ओलांडण्याचं शिक्षण प्रशिक्षित माणसाकडूनच घ्या, स्वतः प्रयोग करू नका. आपल्या केंद्रात येणाऱ्या विशेष शिक्षकांना विचारा, पुण्यातल्या अंधशाळांशी बोला. आपलं काम रोजच्या सरावाचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ६ ते १८ वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण शाळेच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचता आलं, तर तो हक्क पुरा होतो.

सगळं गोड झालं असं सांगत नाही. ताई आता चौथीत आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. तो रस्ता ताईने एकटीने ओलांडावा असं मीही म्हणणार नाही, तिथे डोळस माणसाचीही धांदल उडते. त्यासाठी कोण बरोबर असेल, कोणत्या वेळी, कुठून ओलांडायचं, हे आत्तापासून ठरवतोय. तिच्या वर्गातली तीन मुलं त्याच शाळेत जाणार आहेत. त्यांना दंड द्यायला येतो, ओढायला नाही, एवढी शिदोरी आमच्याकडे आहे.

आणि हो, दुधाची पिशवी. ती आता रोज संध्याकाळी ताईच आणते. परवा आजी मला वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "बाई, परवा पोरीनं सुट्टे पैसे कमी दिले म्हणून डेअरीवालीशी भांडण केलं." सांगताना आजी हसत होत्या.

तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल, तर उद्या एकच गोष्ट बघा. मधल्या सुट्टीत ते नळापर्यंत स्वतः जातं, की त्याला कुणी नेतं?